डुकराचं मटण पाणी का सोडतं? स्नायूतल्या जनुकांचा माग घेण्याची पद्धत, नमुन्यापासून निष्कर्षापर्यंत

एकाच सकाळी कापलेली दोन डुकरं. दोन्हींच्या पाठीचे तुकडे स्टीलच्या ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवले. तासाभराने बघितलं तर एका तुकड्याखाली गुलाबी पाणी साचलेलं. तुकडा फिकट, आणि बोटाने दाबला की खड्डा तसाच राहतोय. दुसरा लालसर, घट्ट, त्याच्याखालचा ट्रे कोरडा. डुकरं पाळणारा गंगाखेडकडचा माणूस शेजारी उभा होता. तो म्हणाला, "खाद्य तेच, शेड तेच, मग याच्यातच पाणी कुठून आलं?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर शोधायची रीत इथे सविस्तर लिहितो आहे. लिहिताना डोळ्यांसमोर आहेत परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांतले पदव्युत्तर विद्यार्थी, ज्यांना स्नायूतल्या जनुकांची सक्रियता मोजून ती मांसाच्या प्रतीशी जुळवायची आहे. डुकरं पाळणाऱ्यांनी प्रयोगशाळेचा भाग वरवर वाचला तरी चालेल. पण ऊन, वाहतूक आणि कत्तल यांबद्दलचा भाग मात्र नीट वाचा, कारण तिथेच बरंच मांस बिघडतं.

जनुक असणं वेगळं, जनुक चालणं वेगळं

डुकराच्या प्रत्येक पेशीत ३८ गुणसूत्रं असतात. पाठीच्या स्नायूत असतो तोच डीएनए यकृतातही असतो. फरक पडतो तो कोणतं जनुक किती चालतं यात. चालू जनुकाच्या आरएनए प्रती तयार होतात आणि त्यावरून प्रथिन बनतं. आपण 'सक्रियता' मोजतो म्हणजे या आरएनए प्रती मोजतो. त्यामुळे कामाला लागण्याआधी स्वतःला विचारा, मला डीएनएतला बदल बघायचा आहे की आरएनएचं प्रमाण? दोन्हींची तंत्रं वेगळी, खर्च वेगळा आणि उत्तरंही वेगळी.

तीन उदाहरणं पक्की लक्षात ठेवा. पहिलं हॅलोथेन जनुकाचं, म्हणजे आरवायआर१ चं. १९९१ साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की या जनुकात १८४३ व्या जागी डीएनएच्या 'सी' अक्षराऐवजी 'टी' आला की प्रथिनातलं ६१५ वं अमिनो आम्ल बदलतं. आर्जिनिन जाऊन सिस्टीन येतं. स्नायूपेशीतल्या कॅल्शियमच्या कोठाराचं दार मग नीट लागत नाही. जनावर घाबरलं की कॅल्शियम भसाभस बाहेर येतं, स्नायू आखडतो, साखर झपाट्याने जळते आणि कत्तलीनंतर काही मिनिटांतच मांस आंबट होतं. फिकट, मऊ, पाणी सोडणारं मांस म्हणतात ते हेच. पिएट्रेन जातीत हा दोष फार आढळायचा.

दुसरं पीआरकेएजी३, हॅम्पशायर जातीतलं. २००० साली ते उलगडलं. इथेही एकाच अमिनो आम्लाचा बदल आहे, २०० व्या जागी. त्यामुळे स्नायूत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, सुमारे ७० टक्के जास्त साठतं. कत्तलीनंतर पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं मांस आंबट) सुरुवातीला बरोबर वेगाने उतरतो, पण उतरत उतरत नको तितका खाली जातो. म्हणजे पहिल्या उदाहरणात वेग बिघडतो आणि दुसऱ्यात शेवटचा मुक्काम.

मला सगळ्यात आवडतं ते तिसरं, आयजीएफ२. 'सक्रियता' या शब्दाचा खरा अर्थ इथे दिसतो. २००३ मध्ये स्वीडन आणि बेल्जियमच्या संशोधकांनी दाखवलं की या जनुकाच्या तिसऱ्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनात न उतरणाऱ्या भागात, ३०७२ व्या जागी 'जी' चा 'ए' झाला की जन्मानंतरच्या स्नायूत त्याच्या प्रती सुमारे तिप्पट होतात. प्रथिन अगदी तेच राहतं, बदलतं फक्त प्रमाण. तेवढ्याने मांस वाढतं आणि पाठीवरची चरबी उतरते. पुढे २००९ मध्ये कारणही सापडलं. झेडबेड६ नावाचं एक प्रथिन त्या जागी बसून जनुकाला लगाम घालत असतं, आणि अक्षर बदललं की त्याला तिथे बसता येत नाही. शिवाय स्नायूत हे जनुक फक्त बापाकडून आलेल्या प्रतीवरून चालतं. त्यामुळे हा गुण कळपात आणायचा असेल तर नर निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात.

एकच गुण धरा

'मांसाची प्रत' हा शब्द फार सैल आहे. पाणी धरून ठेवणं, रंग, मऊपणा आणि मांसातली आतली चरबी, यांपैकी एक गुण मुख्य म्हणून निवडा. पाणी आणि पीएचसाठी आरवायआर१, पीआरकेएजी३ आणि साखर जाळणाऱ्या मार्गातली जनुकं. मऊपणासाठी कत्तलीनंतर तंतू तोडणारं विकर कॅल्पेन-१ आणि त्याला अडवणारं कॅल्पास्टॅटिन. रंगासाठी मायोग्लोबिन आणि तंतूंचा प्रकार सांगणारी मायोसिनची जनुकं: एमवायएच७ लाल, सावकाश चालणाऱ्या तंतूंचं आणि एमवायएच४ पांढऱ्या, झटपट चालणाऱ्या तंतूंचं.

आतल्या चरबीसाठी एफएबीपी३, एफएएसएन, एससीडी आणि पीपीएआरजी घेतात. एफएबीपी४ सुद्धा घेतात, पण ते मुख्यतः चरबीच्या पेशींत चालतं. तुमच्या तुकड्यात ते चौपट दिसलं, तर बहुधा तुकड्यात चरबीच्या पेशीच जास्त आल्या आहेत. स्नायूतंतूंनी काही वेगळं केलं असा अर्थ त्यातून निघत नाही. किती प्रबंधांमध्ये ही गल्लत राहून जाते!

जनावरं निवडताना

वय, लिंग, खाद्य आणि शेड सारखं हवं. गावठी आणि संकरित यांची तुलना करणार असाल तर आधी ठरवा, सारख्या वयाची घेणार की सारख्या वजनाची. आपल्याकडचं गावठी डुक्कर सावकाश वाढतं. आठ महिन्यांचं गावठी आणि आठ महिन्यांचं यॉर्कशायर किंवा लँडरेस संकरित यांच्या वजनात मोठी तफावत असते. वय सारखं धरलं तर वजनाचा परिणाम 'जातीचा' म्हणून मोजला जातो, वजन सारखं धरलं तर वयाचा. दोन्ही एकदम जुळवता येत नाहीत, म्हणून कोणतं धरलं आणि का, ते लिहून ठेवा.

सगळी पिल्लं एकाच मादीच्या एकाच वेताची घेऊ नका. दोन गटांची तुलना असेल तर प्रत्येक गटात निदान सहा जनावरं लागतात. सक्रियता आणि पाणी सुटणं यांचा आलेख काढायचा असेल तर वीस-तीस असली तरच काही खरं बोलता येतं. एका डुकराचा नमुना यंत्रात तीनदा लावला म्हणून डुकरं तीन होत नाहीत.

नैतिक समितीची परवानगी कत्तलीच्या तारखेआधी हातात ठेवा. प्रत्येक जनावराच्या कानातून किंवा केसांच्या मुळांतून डीएनए काढून आरवायआर१ ची चाचणी आधीच करून टाका. पीसीआरने जनुकाच्या त्या भागाच्या भरपूर नकला करून त्या एचएचए-वन विकराने चिरल्या की निरोगी प्रत तुटते, दोषाची प्रत तुटत नाही, आणि तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर फरक सरळ दिसतो. हे न करता पुढे गेलात आणि गटात दोन दोषी जनावरं निघाली, तर सगळे आकडे तीच खेचतील.

कत्तलीआधीचे चोवीस तास

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो. डुकराला घामाने अंग गार करता येत नाही. भर दुपारी टेम्पोत कोंबून नेलेलं डुक्कर धापा टाकत उतरलं आणि लगेच कापलं, तर जनुक कितीही चांगलं असो, मांस फिकट होण्याची शक्यता मोठी. उलट रात्रभर उपाशी, भांडत, दमत राहिलेल्या जनावराच्या स्नायूतलं ग्लायकोजेन आधीच संपतं. मग कत्तलीनंतर आम्ल पुरेसं तयार होत नाही आणि मांस काळपट, घट्ट, चिकट राहतं. असं मांस लवकर खराबही होतं.

म्हणून वाहतूक रात्री किंवा पहाटे करा. खाद्य बारा तास आधी बंद, पाणी मात्र शेवटपर्यंत. उतरल्यावर दोन ते चार तास सावलीत विसावा द्या आणि उन्हाळ्यात अंगावर पाण्याचे फवारे मारा. वेगवेगळ्या शेडमधली डुकरं एकत्र सोडू नका, ती भांडतात. काठी तर अजिबात नको, हाताने किंवा फळीने वळवा. आमच्याकडे वडार आणि कैकाडी समाजातल्या कितीतरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या डुकरं राखली आहेत. जनावर न बिथरवता कसं न्यायचं हे त्यांच्या हातात बसलेलं आहे. असा माणूस सोबत असेल तर विद्यार्थ्याने मागे उभं राहून शिकावं.

नमुना: इथेच काम तरतं किंवा बुडतं

रक्त वाहून गेल्यापासून घड्याळ लावा. पाठीचा लांब स्नायू, शेवटच्या बरगडीपाशी. सगळ्या जनावरांची तीच जागा आणि तेवढीच मिनिटं, शक्यतो पंधराच्या आत. डावी बाजू आरएनएसाठी आणि उजवी मांसाच्या प्रतीच्या मोजमापासाठी असं ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. वरचं चरबीचं आवरण आणि पांढरा पापुद्रा काढा, आतला स्वच्छ लाल भाग घ्या, शंभर मिलिग्रॅमचे तीन-चार तुकडे करून थेट द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाका. हातमोजे प्रत्येक जनावराला नवे. नळ्यांवर आदल्या रात्रीच नंबर घाला, आणि अशा शाईने घाला की ती गारठ्यात आणि अल्कोहोलने पुसली जाणार नाही.

द्रवरूप नायट्रोजन मिळवणं आपल्याकडे अवघड नाही. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी त्याचे कॅन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत असतात. पण कॅन तपासून घ्या. हे मी पस्तावून सांगतो आहे. एका मे महिन्यात आम्ही जुना कॅन मागून नेला. निघताना त्याच्या अंगाला बाहेरून दव धरलेलं दिसत होतं. मी ते बघितलं आणि उन्हाळ्याचं म्हणून सोडून दिलं. दव धरतं तेव्हा कॅनच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेलेली असते, आणि नायट्रोजन डोळ्यांदेखत उडत असतो. परभणीला पोहोचून लाकडी पट्टी आत घातली तर ती कोरडी वर आली. पट्टीवर पांढरा बर्फाचा पट्टा उमटतो तेवढीच खरी पातळी, आणि त्या दिवशी पट्टा नव्हताच. नऊ जनावरांचे नमुने. धड आरएनएच्या जेलवर दोन ठळक रेघा यायच्या, तिथे वरपासून खालपर्यंत नुसता धूर दिसला. ती जनावरं परत मिळणार नव्हती. तेव्हापासून कॅन आदल्या रात्री भरायचा, सकाळी पट्टीने मोजायचा आणि पातळी उतरलेली दिसली की दुसरा आणायचा, हा माझा शिरस्ता आहे.

दुसरी काळजी जिवाची. एसी लावून, काचा बंद करून नायट्रोजनचा कॅन गाडीत नेऊ नका. तो हवेतला प्राणवायू हटवतो आणि गुदमरायला होतं हे कळायच्या आत माणूस पडतो. काचा उघड्या ठेवा, आणि कॅनचं झाकण घट्ट बसवू नका.

नायट्रोजन नसेल तर आरएनएलेटर हा आरएनए टिकवणारा द्रव वापरा. तुकड्याची निदान एक बाजू अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा पातळ हवी, नाहीतर द्रव आतपर्यंत मुरत नाही. द्रव तुकड्याच्या पाचपट घ्या. ३७ अंशांवर एक दिवस नमुना टिकतो असं सांगतात, पण वैशाखात गाडीच्या डिकीत ३७ अंश राहत नाहीत. बर्फाची पेटी न्याच. नमुने रात्रभर ४ अंशांवर ठेवा आणि मग उणे ८० च्या फ्रीझरमध्ये. वीज गेली तर जनरेटर आपोआप चालू होतो का, हे नमुने ठेवण्याआधी स्वतः बघा.

मांस मोजणं

पीएच दोनदा: कत्तलीनंतर ४५ मिनिटांनी आणि २४ तासांनी. मीटर ७ आणि ४ च्या बफरवर जुळवून घ्या, आणि काचेची सुई घालण्याआधी सुरीच्या टोकाने फट पाडा. चांगल्या मांसात ४५ मिनिटांनी पीएच ६ च्या वर असतो आणि २४ तासांनी ५.५ ते ५.८ च्या दरम्यान येतो. पाऊण तासातच ५.८ च्या खाली गेला तर पाणी सोडणारं मांस. दुसऱ्या दिवशीही ६ च्या वर राहिला तर काळपट, चिकट. पाऊण तासाला ठीक आणि दुसऱ्या दिवशी ५.४ च्या खाली, तर हॅम्पशायरची चाल. एकच वाचन घेतलंत तर हे तीन प्रकार वेगळे करताच येणार नाहीत.

शरीर अजून ४० अंशांच्या आसपास गरम असतं आणि तेवढ्यात आम्ल वाढतं, तेव्हा स्नायूतली प्रथिनं बिघडतात आणि धरून ठेवलेलं पाणी सोडून देतात. ट्रेमधलं गुलाबी पाणी ते हेच.

ते मोजायला महागडं यंत्र लागत नाही. अडीच सेंटीमीटर जाडीचा, ऐंशी-शंभर ग्रॅमचा तुकडा वजन करून दोऱ्याने फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगा. तुकडा पिशवीला कुठेच चिकटता कामा नये. ४ अंशांवर ४८ तास ठेवा. उघडाल तेव्हा पिशवीच्या खालच्या कोपऱ्यात गुलाबी पाणी दिसेल. तुकडा हलकेच टिपून पुन्हा वजन करा. घटलेलं वजन भागिले सुरुवातीचं वजन गुणिले शंभर. पाच टक्क्यांच्या पुढे गेलं तर विकणाऱ्याचंही नुकसान आणि खाणाऱ्याचंही, कारण शिजल्यावर मटण कोरडं लागतं.

रंग मोजताना ताजा काप अर्धा तास हवेत ठेवून मगच यंत्र लावा. मऊपणासाठी आतलं तापमान ७० अंशांपर्यंत नेऊन शिजवा, गार करा आणि तंतूंच्या दिशेने गोल नळकांड्या काढून वॉर्नर-ब्रॅट्झलर कातरणीवर लावा. आतल्या चरबीसाठी सॉक्सलेट पद्धत.

प्रयोगशाळेत

स्नायू चिवट असतो. तो नायट्रोजनमध्ये खलबत्त्यात पीठ होईपर्यंत कुटा आणि वितळण्याआधी ट्रायझोलमध्ये, म्हणजे आरएनए वेगळं काढणाऱ्या द्रावणात, टाका. शेवटी नळीच्या तळाशी बसलेली आरएनएची गोळी फार वाळवू नका, नाहीतर ती पाण्यात विरघळत नाही. डीएनएज हे विकर देऊन उरलेला डीएनए काढून टाका. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर २ च्या आसपास हवं. पण हा आकडा फक्त शुद्धता सांगतो. आरएनए तुटलंय का, हे जेलवर कळतं. धूर दिसला तर नमुना बाद करा, मन मोठं करा.

आरएनए प्रती मोजायच्या क्यूपीसीआरमध्ये तुलनेसाठी स्थिर जनुक लागतं, म्हणजे सगळ्या नमुन्यांत सारखंच चालणारं. सवयीने सगळे जीएपीडीएच घेतात. या विषयात ते सगळ्यात धोक्याचं, कारण जीएपीडीएच हे साखर जाळण्याच्या मार्गातलंच विकर आहे, आणि आपण शोधतो आहोत तेही साखर जळण्यातच. मोजपट्टीच ताणली गेली तर मोजायचं काय? निदान तीन-चार जनुकं तपासा, उदाहरणार्थ एचपीआरटी१, टीबीपी, वायडब्ल्यूएचएझेड आणि पीपीआयए. त्यांतली तुमच्या नमुन्यांत सगळ्यात कमी हलणारी दोन-तीन घेऊन त्यांची भूमितीय सरासरी वापरा. प्रायमरची (जनुक हेरणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत हवी, आणि नुसत्या पाण्याची नळी प्रत्येक प्लेटवर हवीच.

हिशोब असा. सीटी म्हणजे कितव्या फेरीला यंत्राला जनुक दिसलं तो आकडा. समजा पहिल्या डुकरात आपल्या जनुकाचा सीटी २४ आणि स्थिर जनुकांचा १८, फरक ६. दुसऱ्यात २६ आणि १८, फरक ८. दोन फरकांमधलं अंतर २, म्हणजे पहिल्यात प्रती दोनाचा वर्ग, चौपट. यात एक सापळा आहे: फरक जितका लहान तितकी सक्रियता जास्त. हाच फरक पाणी सुटण्याच्या टक्क्यांसोबत आलेखावर मांडला की चिन्ह उलटं येतं, आणि विद्यार्थी 'जास्त सक्रियता, कमी पाणी' असं नेमकं उलटं लिहून बसतात. आलेख काढण्याआधी आकड्यांची चिन्हं बदलून घ्या.

आकड्यांतून काय निघतं, काय निघत नाही

आधी ठिपक्यांचा आलेख काढून डोळ्यांनी बघा. एका टोकाला बसलेलं एकच डुक्कर अख्खी रेघ उचलतंय का? ते डुक्कर काढून बघा. वेत, कत्तलीचा दिवस आणि नमुन्याची मिनिटं गणितात घ्या. एकाच मादीची पिल्लं एकमेकांसारखी असणारच.

आरएनए सिक्वेन्सिंग करून वीस हजार जनुकं एकदम बघितलीत, तर ०.०५ च्या कसोटीवर नुसत्या योगायोगानेच हजारभर जनुकं 'महत्त्वाची' दिसतील. म्हणून खोट्या निष्कर्षांचा दर धरून दुरुस्त केलेले आकडेच द्या.

आणि आरएनए म्हणजे प्रथिन नव्हे. कत्तलीच्या क्षणी घेतलेला तुकडा जनावराची शेवटची जिवंत अवस्था सांगतो. पुढचे दिवस मांस मऊ होतं ते आधीच बनून ठेवलेल्या कॅल्पेनमुळे, आणि ते किती काम करेल हे पीएच, तापमान आणि कॅल्पास्टॅटिन ठरवतात. त्यामुळे 'हे जनुक जास्त चाललं म्हणून मांस मऊ झालं' असं लिहू नका. 'जास्त चाललं त्या जनावरांचं मांस मऊ निघालं' असं लिहा. कारण सिद्ध करायला वेगळा प्रयोग लागतो.

गंगाखेडच्या माणसाला काय सांगितलं

जिवंत डुकराच्या स्नायूतला आरएनए मोजून नर निवडणं त्याच्या कामाचं नव्हतं. त्यासाठी स्नायूचा तुकडा काढावा लागतो, खर्च मोठा, आणि आज मोजलेलं उद्या बदलतं. डीएनए बदलत नाही. म्हणून त्याला सांगितलं की नर विकत घेण्याआधी केसांच्या मुळांवरून आरवायआर१ तपासून घे, आणि दोषाची एक प्रत असलेला नरही पैदाशीला ठेवू नको. त्याच्या दोन डुकरांची आम्ही तपासणी केली. दोन्ही निर्दोष निघाली. मग वाहतुकीबद्दल विचारलं. पाणी सोडणारं डुक्कर टेम्पोच्या मागच्या फळीला, पत्र्याला लागून होतं, आणि उतरताना ते अडून बसलं म्हणून त्याला ओढून काढलं होतं. पुढच्या खेपेला तो पहाटे चारला निघाला, टेम्पोत ओला भुसा टाकला आणि कापण्याआधी तीन तास लिंबाच्या सावलीत जनावरं बसवली. त्या खेपेच्या पाठीच्या तुकड्यांच्या पिशव्या आम्ही ४८ तासांनी उघडल्या, तेव्हा कोपऱ्यात अगदी थोडंसं पाणी होतं.